पाठीवरचा खो

विमलबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते. फोन वर फळीवर होता. उठून घेतला. त्यांची मुलगी सुजाता बोलत होती. "मावशी, आई गेली. पहाटं." एवढंच बोलून ती थांबली. मी विचारलं, "कुठं?" ...असला खुळा प्रश्न माझ्या तोंडून का निघाला कोण जाणे. सुजाता बिचारी समजून गेली असावी. हळूच म्हणाली, "पोटाचा कॅन्सर होता, मावशी. दोन महिन्याखाली कळलं. कुणाला सांगू नका म्हणून आईनं शपथ घातली होती." मी फोन ठेवला आणि परत मेथी निवडायला बसले. सगळी जुडी निवडून झाली, देठंसुद्धा निवडून झाली, तरी मी बसूनच होते.

अकरा दिवसांपूर्वीच तर भेटलो होतो. बाई मधे तीन आठवडे जिममध्ये आल्या नव्हत्या. "गावी, बोरीच्या घराचं काम काढलंय, लय धूळ हाय," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. त्या दिवशी आल्या, रोइंग मशीनवर चारेक मिनिटं बसल्या, सावकाश ओढलं आणि उतरून आमच्यासोबत खाली चटईवर आल्या. पाय ताणून झाले. उठायची वेळ आली तेव्हा बाईंना उठता येईना. एक गुडघा टेकवला, हात मांडीवर ठेवला, पुन्हा खाली बसल्या. दुसऱ्यांदा तेच. मी समोर उभी होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. त्यांचाच नियम तो. मी त्यांच्याच आवाजात म्हणाले, "हात मिळणार न्हाई, बाई!" त्या हसल्या. "लय शिकलीस गं," म्हणाल्या. मग मी मागून जाऊन त्यांच्या पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "खो!" तशा त्या उठल्या. पण तळहाताला पाठीची हाडं लागली. पुढं झाल्यावर मी काय विचारावं? "बाई, डायटिंग करायलाव काय?" एक हात पुढं केला असता तर माझं काय जाणार होतं, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारते आहे.

हा हात न देण्याचा आणि खो देण्याचा काय प्रकार, हे कळायचं तर तीन वर्षं मागं जायला हवं. माझे यजमान जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी पाटबंधाऱ्याच्या कार्यालयातून निवृत्त झालेली कारकून. उभा जन्म खुर्चीत गेला. एका दुपारी जेवण आटोपून भांडी ठेवायला वळले आणि सांडलेल्या पाण्यावरून पाय सरकला. हाडबीड काही मोडलं नाही. मोडलं असतं तर निदान इज्जत राहिली असती. नुसतं उठता येईना! कुशीवर वळले, ओट्याची कड धरली, हात निसटला. कपाटाची मूठ धरली तर ती मूठच हातात आली. शहाबादी फरशीवर पडल्या पडल्या ओट्याच्या खालची जळमटं बघत मी दुपार काढली. मधेच फोन वाजला. मुलाचा रोजचा चारचा फोन... वाजून वाजून थांबला. संध्याकाळी दूधवाला आला तेव्हा शेजाऱ्यांनी मागच्या दाराने येऊन मला उचललं. दोघांनी दोन बाजूंनी. पोतं उचलावं तसं.

मिलिंद, माझा मुलगा, दुसऱ्या दिवशी पुण्याहून आला. "आई, आता एकटीनं राहायचं नाही. दिवाळीला न्यायला येतो, तोवर सामान आवर." त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला जायचं नव्हतं. पुण्यात त्याच्या सहाव्या मजल्यावर सगळं आहे, फक्त मला करायला काही नाही. इथं माझं दार आहे, दारात कढीपत्ता आहे, चार दिवसांआड येणाऱ्या नळाची वेळ मला पाठ आहे. आपलं घर आपण सोडणं वेगळं आणि उचलून नेलेलं वेगळं. पण हे बोलणार कुठल्या तोंडानं? ज्या बाईला स्वतःच्या फरशीवरून उठता येत नाही तिनं हट्ट कसला करावा?

बघायला येणारे येत होते. कुणी केळी आणली, कुणी कुणाकुणाचं खुब्याचं हाड मोडलं त्याच्या गोष्टी आणल्या. मागच्या गल्लीतल्या विमलबाई मात्र रिकाम्या हातानं आल्या. आमची ओळख तोवर भाजीच्या गाड्यापुरतीच. त्या जिंतूर तालुक्यातल्या बोरीच्या. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबायचे, आणि बाई शिकून खेळाच्या शिक्षिका झाल्या. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलींना खो-खो शिकवला. गावात अजून त्यांना खो-खोच्या बाई म्हणतात. त्या आल्या, खुर्चीत बसल्या नाहीत, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "खाली बसून उठून दाखीव."

"बाई, तेच तर येत नाही!"

"मग पडलीस त्याचं कशाला रडायलीस? माझ्या पोरी रोज पडायच्या. पडण्याला औषध न्हाई. उठण्याला हाय. डॉक्टरला इचारून घे, बीपी बघून घे आन् सोमवारी सकाळी माझ्यासंगं चल."

आमच्या भागात एक जिम आहे. सकाळी साडेसहा ते आठ फक्त बायका. तिथल्या कोपऱ्यात एक लांबलचक यंत्र पडून होतं. मालकानं कुठल्याशा बंद पडलेल्या जिमचं सामान एकगठ्ठा घेतलं, त्यात ते आलं. पुढं पंख्याचं गोल डबडं, त्यातून निघणारी साखळी, साखळीला मूठ आणि मागं रुळावर सरकणारी सीट. त्यावर सगळ्या जणी नॅपकिन वाळत घालायच्या. बायका त्याला होडी म्हणत, आणि होडी म्हणजे काय ते आमच्यापैकी बहुतेकींनी येलदरीच्या धरणावर सहलीला गेल्यावर लांबून बघितलेलं. बाईंनी मोबाइलवर व्हिडिओ बघून, मालकाला प्रश्न विचारून विचारून बेजार करून ते यंत्र समजून घेतलं होतं. त्यांच्या उजव्या गुडघ्याला ऐन विशीत मैदानावर मार बसला होता. नंतर त्यांनी खो-खो शिकवला, पण पुन्हा कधी खेळल्या नाहीत. या सीटवर बसल्यावर चाळीस वर्षांत पहिल्यांदा गुडघा न दुखता अंग घामानं भिजलं, असं त्या सांगत, आणि सांगताना त्यांचे डोळे एखाद्या पोरीसारखे चमकत.

पहिल्या दिवशी मी साडीवर गेले. तिसऱ्या ओढीला पदर सीटच्या चाकात गेला आणि मी जागच्या जागी जखडले. सगळ्या जणी हसल्या, मीही हसले. दुसऱ्या दिवशी यजमानांचा पायजमा घालून गेले. नाडी तेवढी नवी ओवली. ते असते तर पोट धरून हसले असते.

पण खरी गंमत पुढं आहे. मी पालमकडची. लहानपणी आडाचं पाणी शेंदून हात तयार झालेले. मूठ हातात आली की मी ती आधी हातानं खेचायची, पाठ वाकवून, पोहरा वर घ्यावा तशी. माझंच नव्हे, आमच्या सगळ्यांचंच तसं. बाईंनी जमवलेल्या आम्ही सहा जणी आणि सहाही जणी पाणी शेंदणाऱ्या! जिमचा प्रशिक्षक पोरगा चांगला होता, त्यानं समजावलं, फळ्यावर चित्र काढलं, पण मूठ हातात आली की हात ऐकत नसत. पन्नास वर्षांपूर्वीची सवय ती. बाई आठवडाभर बघत राहिल्या. मग माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"सुमन, तू पाणी शेंदायलीस. हितं आड न्हाई. शाळेत खो-खो खेळलीस का कधी?"

"खेळले की."

"मंग सांग, पाटीत रांगेनं बसलेलीस, मागून खो मिळाला, तर आधी काय हालतं? हात का पाय?"

"पाय."

"आन् हात?"

"हात कशाला हलवायचे? उठल्यावर बघू!"

"तेच. गुडघे वाकवून पुढं ये. हात लांब, ढिल्ले सोड. मी खो दिल्याबिगर हालायचं न्हाई." मी पुढं सरकले, गुडघे छातीशी आले, हात समोर सैल. पाठीच्या मधोमध त्यांचा तळहात पडला. "खो!" ...आणि पायांनी ढकललं. सीट मागं धावली, मग पाठ आपोआप मागं कलली, आणि हात शेवटी, बरगडीपाशी आले. पंख्यानं असा काही आवाज केला की मी दचकलेच. इतके दिवस तो नुसता कुरकुरत होता. बाई म्हणाल्या, "आता माघारी जाताना उलटं. आधी हात लांब, मग कंबरेतून वाक, मग गुडघे. आन् घाई न्हाई. जाताना जोर, येताना आराम. येतानाच दम भरून घ्यायचा आसतो." सहा जणींना त्यांनी असा खो देऊन शिकवलं. मी या वयात काय काय शिकले असेन, पण इतक्या लवकर काही शिकले नाही.

त्या कडक होत्या हे सांगायला हवं. गेलेल्या माणसाला साखरेत घोळून ठेवायची आपल्याकडे रीत आहे, ती त्यांना मुळीच आवडली नसती. यंत्राच्या पंख्याला एक खिट्टी असते, एक ते दहापर्यंत. दहावर ठेवली की ओढायला जड. बाई ती आमच्यासाठी तीनच्या वर जाऊ देत नसत. एकदा त्या पाणी प्यायला गेल्या तशी मी गुपचूप दहावर नेली. कारण काय, तर आमच्यातल्या एकीनं पाचवर ओढल्याचं सांगितलं होतं. कंबर धरली ती आठ दिवस धरली. बाई बघायला आल्या आणि अमृतांजन लावता लावता अशा बोलल्या की कंबरेपेक्षा तेच जास्त झोंबलं. "तुला उठायला शिकायचंय का कुणाला दाखवायला? आपल्या वयात जोराला किंमत न्हाई सुमन, रोजच्याला हाय." दुसरा त्यांचा नियम, ओढताना बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटायला लागले म्हणजे जोर जास्त झाला, लगेच कमी करायचा. आम्हाला हा नियम भलताच आवडला. इतका की बाईंना त्याला पोटनियम जोडावा लागला: बोलायचं, पण सुनांबद्दल नाही. मग जिममध्ये पहिल्यांदा शांतता पसरली.

यंत्रानंतर चटई. खरा अभ्यास तिथला. आधी खुर्चीवरून हात न लावता उठायचं, मग पाटावरून, मग जमिनीवरून. कुशीवर वळायचं, दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढं रोवायचं आणि मशीनवर ढकलतो तसं त्या पायानं जमीन ढकलायची. तेव्हा कळलं, ती होडी आम्हाला कुठंही नेण्यासाठी नव्हती, ती पायांना याची आठवण करून देण्यासाठी होती. उठताना कुणी अडलं की बाकीच्या जणींचे हात आपोआप पुढं येत. आपल्या बायकांना ते शिकवावं लागत नाही. बाई ओरडत, "हात मागं! हात दिला की मानूस उठतंय, पन उठायचं इसरतंय." आणि स्वतः मागून जाऊन पाठीवर खो देत. त्यात जोर काही नसे. नुसता तळहात टेकायचा. पण उठलं जात असे, हे खरं.

दिवाळीला मिलिंद आला. सोबत दोन रिकाम्या मोठ्या बॅगा. भाऊबीजेच्या सकाळी बाई फराळाचा डबा परत द्यायला म्हणून आल्या, म्हणजे निमित्त ते. मी स्वयंपाकघरात त्याच फरशीवर, त्याच जागी जाऊन आडवी झाले. मिलिंद घाबरला. "आई, हे काय चाललंय!" मी कुशीवर वळले. गुडघ्यावर आले. पाऊल रोवलं आणि पाय थरथरायला लागला. मिलिंदनं धावत येऊन हात पुढं केला. बाई दारातून कडाडल्या, "ए बाबा, हात मागं!" पुण्यात चाळीस माणसांचा साहेब असलेला माझा मुलगा शाळेतल्या पोरासारखा हात मागं घेऊन उभा राहिला. मी उठले. ओट्याला हात न लावता. साडी झटकली आणि म्हटलं, "चहा टाकू का?" मिलिंद डोळे पुसत बाहेर गेला. बॅगा आल्या तशा परत गेल्या. फक्त एकीत मी चकल्या भरून दिल्या.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं आम्ही रोज भेटलो. म्हणून तर मला राग येतो. तो मी इथं लपवणार नाही. ज्या बाईंनी मला फरशीवर लोळायची लाज वाटू नये म्हणून स्वतः शेजारी लोळून दाखवलं, त्यांनी स्वतःचं दुखणं मला सांगू नये? मी काय केलं असतं? रडले असते, घरी डबा पोचवला असता, नांदेडच्या दवाखान्यात सोबत गेले असते... आणि त्या दिवशी चटईवर हात दिला असता. तो हात राहून गेला. बाई गेल्यापासून मी जिमला गेले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून खालून उठताना ओट्याची कड धरायला लागले. मिलिंदचा फोन आला, "आई, आता तरी ये." आणि मी पहिल्यांदाच "नाही" म्हणाले नाही. "बघू," म्हणाले.

मग बाईंच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा दिवस आला. त्यांच्या घरासमोर मांडव, सतरंज्या, पांढरी फुलं, समोर तथागतांच्या मूर्तीशेजारी बाईंचा फोटो. तोसुद्धा मैदानावरचा, गळ्यात शिट्टी. मला कुणी खुर्ची देऊ केली. बाईंसमोर खुर्चीत बसणं मला जमेना. खाली बसले. वंदना झाली, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी बोलल्या. कुणी शिक्षिका, कुणी पोलिसात, एक पिंगळीहून तान्हं लेकरू कडेवर घेऊन आलेली. तास-दीड तास गेला. गर्दी पांगली तशी सुजाता माझ्यापाशी येऊन बसली. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "सुजाता, त्या दिवशी आईला उठता येत नव्हतं गं. मी हात दिला नाही. मला ठाऊक असतं तर..."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी तेवढ्यासाठी रडायलाव? मावशी, त्या दिवशी आई घरी आली ती हसतच. दोन महिन्यांत तशी हसली नव्हती. आमी समदेच तिला धरून उठवायचो, धरून बसवायचो, वाटीसुद्धा उचलू देत नव्हतो. ती म्हणली, घरात समदे मला हात द्यायलेत, आज सुमननं खो दिला. लय बरं वाटलं." सुजाता फोटोकडे वळली. "म्हनूनच तर तुमाला सांगू नका म्हणली होती. सांगितलं आसतं तर तुमी पण हातच दिला आसता."

मी दिला असता. नक्कीच दिला असता.

मांडववाला सतरंज्या गुंडाळत आमच्यापर्यंत आला, तेव्हा उठणं भाग पडलं. पायाला मुंग्या आलेल्या. गुडघ्यावर आले, पाऊल रोवलं, पुन्हा खाली बसले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. सुजाता उभी राहिली होती. तिनं चटकन हात पुढं केला... आणि मधेच थांबली. तीही बाईंच्याच संघातली, शाळेत पाच वर्षं पाटीत बसलेली. हात तिनं मागं घेतला. वळसा घालून माझ्या मागं गेली. मी पाऊल रोवून, हात सैल सोडून वाट बघत राहिले. पाठीच्या मधोमध तळहात टेकला.

"खो," सुजाता म्हणाली.

मी उठले.